याटचं इन्स्पेक्शन

निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ तिथल्या तिथे परत करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शाल घेतली, नारळ घेतला, भाषणंही ऐकून घेतली. पण भिंतीवर लावायचं ते मोठं घड्याळ सर अर्धा तास मांडीवर धरून बसले होते आणि मधून मधून मनगटाकडे बघत होते, तेव्हाच मी शेजारणीला म्हणाले, "बघ आता, हा माणूस काहीतरी काढणार." आणि काढलंच. आभार मानायला उठले आणि म्हणाले, "अर्ध्या तासात चार सेकंद मागे पडतंय. म्हणजे दिवसाला तीन मिनिटं बारा सेकंद. हे भिंतीवर लावून मी रोज कुणाला फसवू? बदलून आणा." अख्खं कॅन्टीन हसलं. सर हसले नाहीत. मॅनेजरसाहेबांनी सावरून घ्यायला विचारलं, "मग सर, तुम्हाला काय देऊ या आम्ही?"

सर म्हणाले, "कंप्रेसरच्या शेडमागे ती याट पडलीय. ती द्या."

याट म्हणजे काय, हे निम्म्या कॅन्टीनला माहीत नव्हतं. उरलेल्या निम्म्यांना माहीत होतं, पण ती आपल्याच कंपनीत आहे हे माहीत नव्हतं. कंपनीच्या जुन्या मालकांना शिडाच्या होडीचा नाद होता. त्यांनी कधीकाळी मुंबईहून ही बावीस फुटी लाकडी होडी आणली, काही वर्षं दर रविवारी गंगापूर धरणाच्या पाण्यात फिरवली, आणि मग गुडघे गेल्यावर ती शेडमागे ठोकळ्यांवर चढवून ठेवली. ते गेले, मुलं परदेशी गेली. होडीच्या पोटातून एक सुबाभूळ उगवून वर आली होती. गेटवरचा वॉचमन तिच्या सावलीत डबा खायचा आणि तिला ‘जहाज’ म्हणायचा.

एवढी वस्तू मागून नोगो सर खाली बसले. मॅनेजरसाहेबांनाही सुटल्यासारखं झालं. तसंही ती भंगारातच जाणार होती.

‘नोगो’ हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. आम्ही मशीनचे सुटे भाग करायचो आणि सर तिथे चीफ इन्स्पेक्टर होते. भोक तपासायच्या गेजला दोन टोकं असतात. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, ते ‘गो’. दुसरं जाताच कामा नये, ते ‘नोगो’. सरांना सगळ्या शॉपमध्ये या दुसऱ्या टोकाचं नाव पडलं होतं. "नोगो आला रे" म्हटलं की मशीनवरचा माणूस आपोआप हात पुसायचा. तोंडावर मात्र सगळे ‘सर’च म्हणायचे. मी पाठीमागेही सरच म्हणते.

मी डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, घर नाशिकरोडला आमच्या बौद्ध कॉलनीत. दोन बस बदलून सातपूरला यायचे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तीन जणांनी आडनाव विचारलं आणि ते ऐकून दोघांनी "अच्छा, अच्छा" केलं. हे ‘अच्छा अच्छा’ आम्हाला लहानपणापासून ओळखता येतं. चौथा माणूस नोगो सर. त्यांनी विचारलं, "मायक्रोमीटर हातात घेतलं की सगळ्यात आधी काय करायचं?"

"शून्य तपासायचं."

"बस इथे," म्हणाले आणि शेजारचं स्टूल पुढे ओढलं. पुढे एका सुपरवायझरने त्यांच्यासमोर माझ्या आडनावाचा विषय काढलाच, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "गेजला आडनाव वाचता येत नाही. म्हणून मी गेजचं ऐकतो. तुम्हीही ऐका." तो सुपरवायझर नंतर माझ्याशी फार अदबीने वागायला लागला. मला त्याची अदब नको होती, पण आली ती ठेवून घेतली.

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. खिशाला पेनाशेजारी व्हर्नियर. चहाचा कप टेबलाच्या कडेपासून ठरावीक अंतरावर. आणि डिपार्टमेंटमध्ये एका शब्दाला बंदी. तो शब्द म्हणजे ‘चालतंय’. अहो, नाशिकमध्ये राहून ‘चालतंय’ म्हणायचं नाही म्हणजे श्वास घ्यायचा नाही. पण सरांचं म्हणणं असं की ‘बसतंय’ हे माप आहे, ‘बसत नाही’ हेही माप आहे, ‘चालतंय’ हे माप नाही. जो म्हणेल त्याने त्या दिवशी बिनसाखरेचा चहा प्यायचा. मी पहिले दोन महिने बिनसाखरेचाच चहा प्यायले.

माझ्या लग्नात लोकांनी मिक्सर दिले, डिनर सेट दिले. सरांनी गुनिया दिला. सुतार-फिटर काटकोन तपासायला वापरतात तो पोलादी गुनिया, मखमली डबीत. सोबत चिठ्ठी: ‘घरात एक तरी गोष्ट काटकोनात असू दे.’ माझ्या सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवायचा की अवजारांत, असं विचारलं होतं. आमच्या घरात देव्हारा नाही हे त्या गडबडीत विसरल्या.

पण मला त्यांच्याबद्दल खरा अभिमान वाटायला लागला तो सहाव्या महिन्यात. सकाळी त्यांनी स्वतः शाफ्टची एक लॉट पास केली होती. दुपारी माझ्याकडे त्यातले चार नग आले, मी मोजले, आणि दोन शतांश मिलिमीटरचा फरक यायला लागला. मी माझं मायक्रोमीटर तीनदा तपासलं. बरोबर होतं. सरांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "सर, तुमचं मायक्रोमीटर चुकतंय."

शेजारचे दोघे उठून बाहेर गेले. सरांनी शून्य तपासलं. पुन्हा तपासलं. मग स्टोअरमधून नापास मालाची लाल चिठ्ठी आणली आणि स्वतःच्या मायक्रोमीटरला बांधली. ट्रकमध्ये चढलेली लॉट खाली उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "कालची चूक माझी. पकडली हिने." एवढंच. मला त्या दिवशी दोन्ही बसमध्ये जागा मिळाली नाही, आणि घरी पोचल्यावर पाय दुखायला लागले तेव्हा ते कळलं.

आता याटकडे येते.

निवृत्तीनंतर सर रोज सकाळी आठला, कामाला यावं तसे, कंप्रेसरच्या शेडमध्ये यायला लागले. सुबाभूळ काढली. होडी शेडच्या आत घेतली. मी तोवर ती नोकरी सोडून अंबडला दुसऱ्या कंपनीत क्वालिटी हेड झाले होते. एका बुधवारी फोन. "रविवारी ये. डबा घेऊन ये, दिवसभर लागेल."

गेले. होडी ठोकळ्यांवर उभी होती आणि सर तिच्याखाली झोपून पॉलिशपेपर मारत होते. बाहेर आले ते केसापासून चपलेपर्यंत भुश्याने माखलेले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मळलेल्या कपड्यात पाहत होते. स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"चौतीस वर्षं मी लोकांच्या कामात चुका काढल्या. स्वतःच्या हाताने एक वस्तू केली नाही. एक खुंटी नाही केली. आता ही करतोय. पण जो काम करतो त्याने स्वतःचं काम तपासायचं नसतं, हे मीच तुम्हाला शिकवलंय. तपासायला कोणीतरी पाहिजे. बाकीचे सगळे माझ्याकडे बघून ‘वा सर’ म्हणतील. तू म्हणणार नाहीस."

"नाही म्हणणार," मी म्हणाले.

"म्हणून तुला बोलावलं. ही पास झाली तर तुझ्या सहीने होईल. नाहीतर होणार नाही."

मला हसू येत होतं. बासष्टीच्या उंबऱ्यावरचा हा माणूस परीक्षेला बसत होता आणि परीक्षक म्हणून मला नेमत होता. सबंध सातपुरात मला असा मान दुसऱ्या कुणी दिला नाही.

त्यानंतरचे माझे वर्षभराचे रविवार त्यातच गेले. सुकाणूच्या बिजागऱ्या मी परत पाठवल्या, कारण एक मिलिमीटर हलत होत्या. वॉर्निशचे ओघळ दोनदा घासायला लावले. डोलकाठीचा पाया बसवला होता तो तिरका निघाला, गुनिया माझाच. दर वेळी सर मान खाली घालून "बरोबर आहे" म्हणायचे आणि काम पुन्हा करायचे. सुट्टीच्या पाळीतले दोन जुने फिटर मदतीला यायचे, ते एकमेकांना कोपर मारून हसायचे. चौतीस वर्षांचा हिशेब चुकता होताना बघायला कुणाला आवडणार नाही?

काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, कधी कधी जेवण घेऊन यायच्या. माझ्या हातात लाल चिठ्ठी दिसली की म्हणायच्या, "आण गं बाई, तुझी दृष्ट काढते. माझ्या आमटीला यांनी जेवढी नावं ठेवली, त्या सगळ्याचं उट्टं तू काढलंस. घे, अजून एक पोळी घे."

सगळ्यात मोठं काम तळाच्या फळ्यांचं होतं. पंधरा-सोळा वर्षं कोरड्यात पडून फळ्या आकसल्या होत्या आणि दोन फळ्यांच्या मधल्या सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसायचा. सरांनी ते सांधे कसे भरले, ते बघायला हवं होतं. प्रत्येक फटीत मापाची लाकडी पट्टी, वर पक्का घट्ट होणारा रेझिन, वर घासून गुळगुळीत. पाच महिने लागले. पाच शतांशाची पातळ पत्तीसुद्धा कुठल्या सांध्यात शिरत नव्हती. मी सगळा तळ एका रविवारी पत्तीने चाचपला, बोटाने चाचपला, आणि हिरवी चिठ्ठी लावली. त्या दिवशी सर मला बस-स्टॉपपर्यंत सोडायला आले.

तेवढ्यात बातमी आली की कंपनीने तो प्लॉट विकला. नव्या मालकाने महिनाअखेरपर्यंत शेड रिकामी करायला सांगितली. त्यानंतर आत जे राहील ते तोडून भंगारात. घर तर सरांचं दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे महिन्याभरात होडी धरणाच्या पाण्यात पोचली तर वाचली, नाहीतर तिची लाकडं होणार.

घाई झाली. डोलकाठी उभी करायला कुणी जाणकार हवा होता, आणि नाशिकमध्ये तसा माणूस शोधायचा म्हणजे वाळवंटात कोळी शोधण्यातला प्रकार. पण आमच्या कॉलनीतल्या एका मैत्रिणीचे वडील श्रीवर्धनकडचे, जन्मभर होड्या बांधलेले मिस्त्री. आता थकल्यामुळे लेकीकडे येऊन राहिले होते. मी त्यांना रिक्षात घालून शेडवर आणलं. मिस्त्री आले, डोलकाठीकडे त्यांनी बघितलंही नाही. खाली वाकले, सांध्यांवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून तिकडे गेले, आणि म्हणाले, "साहेब, ही होडी नाय ऱ्हायली. बाटली केलीत तुमी हिची."

"म्हणजे?" सर म्हणाले.

"लाकूड पानी पितंय. पितंय आन फुगतंय. फुगलं की त्याला सरकायला जागा नको? तुमी तर दगड भरलाय मधी. पान्यात गेली की पाचव्या दिवशी एकतर फळी सुटंल, नायतर आतल्या बरगड्या मोडतील."

लोखंडाची सवय असलेल्या माणसांकडूनच होईल अशी चूक होती ती. लोखंड पाणी पीत नाही, पिऊन फुगत नाही. आम्हाला घट्ट म्हणजे चांगलं, एवढंच माहीत. आणि त्या घट्ट कामावर हिरवी चिठ्ठी कुणाची होती? माझी.

मी गेले, हिरवी काढली, लाल बांधली. "सर, मी चुकीचं पास केलं," मी म्हणाले. "मी फट मोजली. फट हवी का नको, हे विचारलंच नाही."

सरांनी तळावरून एकदा हात फिरवला. पाच महिने त्यांनी त्या तळाखाली पाठीवर झोपून काढले होते. म्हणाले, "तुझी चूक माझ्या चुकीवर उभी आहे. आधी माझी खरवडून काढू या, तुझी आपोआप पडेल." दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला ते पटाशी घेऊन हजर होते, आणि मिस्त्रींना ‘मास्तर’ म्हणायला लागले होते.

पुढचे तीन आठवडे जे काम झालं तसं मी कधी पाहिलं नाही. सगळे सांधे खरवडले. मिस्त्रींनी सुताच्या वाती वळून सांध्यांत हलक्या हाताने ठोकायला शिकवलं, वरून मऊ लांबी, म्हणजे पुटी. प्रत्येक हात मारून झाला की मिस्त्री म्हणायचे, "चालतंय." सर डोळे मिटून घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी नियम सांगितला आणि बिनसाखरेचा चहा पुढे केला. मिस्त्रींनी आनंदाने घेतला. त्यांना डायबेटिस होता.

मिस्त्री म्हणाले होते, पाण्यात सोडल्यावर ती आधी गळणार. दोन-तीन दिवस गळेल, मग फळ्या फुगून स्वतःच सांधे मिटवतील. मला दिसत होतं की सरांना ते मनातून पटलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नुसत्या ऐकण्यावर पटत नव्हतं. एकदा तोंड पोळलं होतं. म्हणून मी तळाच्या बदललेल्या जुन्या फळीचा एक तुकडा पिशवीत घालून घरी नेला, आमच्या बाथरूममधल्या पिंपात बुडवला, वर वरवंटा ठेवला, आणि रोज सकाळी व्हर्नियरने मोजायला लागले. नवरा म्हणाला, "लोक पिंपात मासे ठेवतात." मी म्हणाले, "अंघोळ करायची तर बादली घे आणि वरवंट्याला हात लावू नकोस."

शनिवारी सकाळी होडी निघाली. सातपूरपासून गंगापूर धरणापर्यंत ट्रेलरवर, पुढे सर स्कूटरवर, मागे आम्ही. गणपती तोंडावर आले होते. सिग्नलला एक मोटारसायकलवाला ट्रेलरशेजारी थांबून विचारायला लागला, "काका, कोणत्या मंडळाचं डेकोरेशन?" सर म्हणाले, "डेकोरेशन नाही. प्रॉडक्ट आहे." गंगापूर गावापाशी झेंडू घेऊन बसलेल्या एका मावशींनी काही न विचारता एक माळ टोकाला अडकवली. "कुठं का जाईना, नीट जाऊ दे," म्हणाल्या. मला त्या अख्ख्या रस्त्यावर ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे आमच्या सरांनी केलंय.

धक्क्यावर क्रेन लागली, सातपूरचे लोक जिला हायड्रा म्हणतात ती. होडी पट्ट्यांत झुलत झुलत पाण्यावर उतरली आणि बसली. काकूंनी नारळ फोडला. टाळ्या झाल्या. दहा मिनिटांनी आतली फळी उचलून मिस्त्री बोलले, "पानी येतंय." पाहुणे आल्याचं सांगावं अशा आवाजात.

येत होतंच. सांध्यासांध्यातून बारीक धारा. धक्क्यावरचे अधिकारी कागद घेऊन आमच्याकडे आले. माणूस सज्जन होता, पण कामाला पक्का. "बघा, नियम असा आहे. बोट तीन दिवस धक्क्याला उभी राहिली पाहिजे, आणि ती उभी राहील अशी जबाबदार माणसाची सही पाहिजे. सही असेल तर ठेवा. नाहीतर क्रेन उभी आहे तोवर उचला. बुडालेली बोट काढायची कटकट मला नको."

उचलून कुठे नेणार? सोमवारी शेड पाडणार होते.

सर पाण्याकडे बघत होते. चेहरा असा काही झाला होता की मला बघवेना. म्हणाले, "पाणी आत येतंय. नापास. लिही."

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

"दया दाखवतेस मला?" आवाज चढला. चौतीस वर्षांत चढला नव्हता तो. "माझी आहे म्हणून? गळकी वस्तू पास करायला शिकवलं का मी तुला?"

मी पर्समधून वही काढून त्यांच्या हातात दिली. त्यात पिंपातल्या तुकड्याची मापं होती. पहिल्या दिवशी रुंदी १५०.२०, दुसऱ्या दिवशी १५०.७५, पुढे १५१.२५, १५१.६०, पाचव्या दिवशी १५१.८०. सहाव्या, सातव्या दिवशी तेवढीच.

सरांनी चष्मा लावला. सगळे आकडे बोटाने खालून वर वाचले, पुन्हा वरून खाली वाचले. "व्हर्नियरचं शून्य?"

"रोज तपासलं."

"तुकडा याच होडीचा?"

"तळाच्या सातव्या फळीचा. तुम्हीच कापून टाकलेला."

"सांध्याची फट?"

"दोनच्या आत. सुताची वात धरून त्याहून कमी उरते. पहिल्याच दिवशी अर्ध्या मिलिमीटरच्या वर भरतंय, सर. मिटणार. आज मिटणार नाही, पण मिटणार. आणि पंधरा-सोळा वर्षांचं कोरडं लाकूड आहे, पहिल्या तासात सगळ्यात जास्त पिणार. हे गळणं हा दोष नाही. हे प्रोसेसमध्येच आहे."

क्रेनवाल्याने हॉर्न दिला. सरांनी वही मिटली, खिशातलं स्वतःचं पेन काढून माझ्या हातात दिलं. "मग माझ्याकडे काय बघतेस? सही कर."

मी गळक्या होडीच्या कागदावर सही केली. नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट, ठळक. मला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी बढती एका पेनाच्या रूपात मिळाली ती ही, आणि ती कुठल्याही कंपनीच्या पत्रावर आलेली नाही.

पंप होता. पण सर म्हणाले, "बादलीने काढा. बादली मोजता येते." पहिल्या तासात एकतीस बादल्या निघाल्या. फिटर, मिस्त्रींचा जावई, मी, सगळे आळीपाळीने. संध्याकाळी तासाला चौदा. रात्रीपुरता पंप लावून घरी गेलो, पण मला झोप कशी आली असेल ते तुम्हीच ओळखा. माझी सही पाण्यावर तरंगत होती. रविवारी सकाळी तासाला सहा, संध्याकाळी दोन. सोमवारी एका फिटरचा फोन आला, शेडवर जेसीबी चालला होता. सर "बरं" म्हणाले आणि तांब्याने पाणी काढत राहिले. बादली लागत नव्हती.

मंगळवारी सकाळी अधिकारी आले, वाकले, तळाच्या कोपऱ्यात हात घातला आणि बोटं बघितली. ओली नव्हती. त्यांनी कागदावर शिक्का मारला. मिस्त्रींनी मला डोळा मारला, म्हणाले, "बाय, पिऊन झालं तिचं."

मिस्त्रींनी डोलकाठी उभी करून दिली. मग पंचाईत अशी झाली की होडी चालवायची कुणी. वर्षभर खपून आम्ही शिडाची होडी तयार केली, आणि आमच्यातल्या एकालाही शीड चालवता येत नव्हतं. मिस्त्री बांधायचे, चालवायचे नाहीत. शेवटी धक्क्यावर शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या तयार झाल्या. मी सरांना म्हणाले, "चला, बसा."

"मी नाही. मी केलीय. तू जा, तपासून ये."

बाईंनी शीड चढवलं. वारा त्र्यंबककडून येत होता. शीड दोनदा फडफडलं, मग एकदम भरलं, होडी एका अंगावर कलली आणि निघाली. आवाज नाही, इंजिन नाही, काही नाही. सर धक्क्यावर हात मागे बांधून उभे होते आणि लहान लहान होत गेले. मला तेव्हा रडू आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं. बाईंनी सुकाणू माझ्या हातात दिलं. मी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, दोऱ्या ओढून बघितल्या, आतली फळी उचलून तळ बघितला. चाळीस मिनिटांनी परत आलो.

सर गुडघाभर पाण्यात उतरून उभे होते, पॅन्टसकट. होडीचं टोक त्यांनी हाताने धरलं. "बोल."

"डावीकडे वळताना सुकाणू जड जातंय. शीड चढवायची दोरी वरच्या कप्पीत घासतेय, महिन्याभरात तुटेल. पुढच्या डेकवरचा एक स्क्रू वर आलाय, पायाला लागतो."

प्रत्येक वाक्याला ते मान हलवत होते. "अजून?"

"अजून काही नाही. तळ कोरडा आहे. पास."

ते तसेच उभे राहिले. होडीचं टोक सोडलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, "नक्की?"

चौतीस वर्षं त्यांच्या टेबलासमोर माणसं उभी राहायची, हातात स्वतः केलेला नग धरून, आणि अगदी याच आवाजात विचारायची. त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांना विचारायची वेळच आली नव्हती.

"नक्की, सर," मी म्हणाले.

ते वळले. धक्क्याच्या पायरीवर काकू डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सर पाण्यात उभ्या उभ्याच त्यांना म्हणाले, "अगं, पास झालो."